पार्ट स्क्रीनवर नाही, बीओएममध्ये आहे: फिक्स्चरच्या मोठ्या असेंब्लीतला दिसण्या-लपण्याचा घोळ

फिक्स्चर म्हणजे मशिनवर जॉब (मशिनिंग करायचा भाग) पकडून ठेवणारं साधन. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी डिझाइनमध्ये, त्याची असेंब्ली करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "सर, काल दिसत होतं, आज क्लॅम्पच गायब हाय." कधी उलटं होतं. लपवून ठेवलेलं कास्टिंग फाईल उघडताच पुन्हा समोर येऊन बसतं. कधी ड्रॉइंगमध्ये लोकेटर (जॉबची जागा ठरवणारा भाग) दिसत नाही, पण बीओएममध्ये, म्हणजे लागणाऱ्या पार्टच्या यादीत, त्याचा आकडा बरोबर असतो. 'शो' दाबून तेवढ्यापुरतं भागतं आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या फाईलमध्ये तेच पुन्हा. याचं कारण असं की पार्ट न दिसण्याला पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात, त्यातलं प्रत्येक वेगळ्या जागी साठवलेलं असतं, आणि आपण मात्र दर वेळी एकच बटण दाबतो. म्हणून प्रश्न "कसं दाखवू" असा विचारू नका. "लपवलं कोणी" असा विचारा.

फिक्स्चरवाल्यांना हा त्रास जास्त होतो. पंपाची किंवा गिअरबॉक्सची असेंब्ली करणाऱ्याला बहुतेक सगळं दाखवायचंच असतं. आपल्याकडे मात्र असेंब्लीतली सगळ्यात आडमुठी वस्तू, म्हणजे जॉब, आपण बनवतच नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून कुपवाडला आलेलं ते कास्टिंग रेस्ट पॅडवर बसतं आणि खालचं सगळं झाकून टाकतं. लोकेटर बघायचे तर ते नको. क्लॅम्पचा हात कुठं टेकतो ते बघायचं तर ते हवं. कटर कुठून येतो ते बघायचं तर कास्टिंगही हवं, टूल होल्डरही हवा, पण हायड्रॉलिक पाईप नकोत. त्यात एचएमसीचा (आडव्या स्पिंडलच्या मशिनिंग सेंटरचा) टूम्बस्टोन, म्हणजे बाजूंना जॉब लावायचा उभा खांब, असला तर चार बाजू, प्रत्येक बाजूला दोन जॉब, म्हणजे आठ स्टेशन. एका स्टेशनला बोल्ट-डॉवेल धरून ६० नग म्हटले तरी ४८० झाले, आणि मॅनिफोल्ड, पाईप, फिटिंग अजून मोजलेलेच नाहीत.

पुढचं बरंचसं सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर धरून लिहिलंय. एनएक्स, क्रिओ आणि इन्व्हेंटरबद्दल खाली थोडं आहे.

आधी ट्रीमधलं चिन्ह वाचा

स्क्रीनवर माऊस फिरवत शोधू नका. डावीकडच्या ट्रीमध्ये (पार्टच्या यादीत) तो पार्ट शोधा आणि त्याच्या नावापुढचं चिन्ह बघा. चिन्ह रंगीत आणि भरीव असेल तर सॉफ्टवेअरच्या मते पार्ट दिसतोय. नुसती बाह्यरेषा, आतून पोकळ असेल तर तो हाइड केलेला आहे. करडं असेल तर सप्रेस, म्हणजे तात्पुरता बाद केलेला. पिसासारखी खूण असेल तर लाइटवेट, म्हणजे पार्ट पूर्ण लोड झालेला नाही, पण दिसायला हवा. एफ८ दाबलं की ट्रीच्या शेजारी डिस्प्ले पेन उघडतं. त्यात हाइड-शो, डिस्प्ले मोड, रंग आणि पारदर्शकता यांचे वेगवेगळे रकाने असतात. निम्म्या तक्रारी या पेनकडे एक नजर टाकूनच सुटतात.

चिन्ह भरीव आहे, तरी पार्ट दिसत नाही

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, कारण 'शो' दाबून काहीच होत नाही. आधीच दिसत असलेल्या पार्टला 'दिस' म्हणून काय होणार?

पहिला संशय ट्रीच्या वरच्या फिल्टरवर घ्या. कुणीतरी त्यात 'क्लॅम्प' असं टाईप करून ठेवलेलं असतं. असेंब्लीमध्ये हा फिल्टर नुसती यादी गाळत नाही, त्याचा ग्राफिक्सचा पर्याय चालू असेल तर न जुळणारे पार्ट स्क्रीनवरूनही काढून टाकतो. फुलीवर क्लिक करून शब्द पुसला की सगळं परत येतं.

मग सेक्शन व्ह्यू. पाईपचा रूट बघायला कुणीतरी सेक्शन घेतलेला असतो आणि तो तसाच चालू राहतो. फिक्स्चर साधारण सममित असेल तर अर्धं कापलेलं आहे हे पटकन लक्षातही येत नाही.

तिसरं, पार्ट आहे पण जागेवर नाही. मेट (दोन पार्ट एकमेकांना जागेवर धरणारी अट) तुटला किंवा सप्रेस झाला की मोकळा पार्ट ओढला जाऊन कुठंतरी लांब जातो. ट्रीमध्ये त्यावर राइट क्लिक करून 'झूम टू सिलेक्शन' घ्या. नावाच्या आधी वजा चिन्ह दिसत असेल तर तो मोकळा आहे.

चौथं, सॉफ्टवेअरच्या मते पार्ट दिसतोय, पण त्याच्या आतली बॉडीच (घन आकारच) लपवलेली आहे. कास्टिंगच्या फाईलमध्ये रॉ आणि मशिन्ड अशा दोन बॉडी ठेवायची पद्धत असेल तर हे हमखास घडतं. पार्ट वेगळा उघडा आणि सॉलिड बॉडीजचं फोल्डर बघा. माझं मत विचाराल तर रॉ आणि फिनिश यासाठी दोन बॉडी न ठेवता दोन कॉन्फिगरेशन (एकाच फाईलमधली वेगवेगळी रूपं) ठेवावीत. ओपी १० च्या (पहिल्या ऑपरेशनच्या) फिक्स्चरला रॉ कास्टिंग लागतं, ओपी २० ला पहिल्या सेटिंगमध्ये मशिन झालेलं. चुकीचं कॉन्फिगरेशन लावलं तर रेस्ट पॅड आणि जॉब यांच्यात मशिनिंग अलाउन्सएवढी (कापून काढायच्या जादा धातूएवढी) फट दिसते आणि माणूस पॅडची उंची बदलायला घेतो.

हे सगळं तपासूनही स्क्रीन रिकामीच, किंवा पार्ट फिरवताना दिसतो आणि थांबल्यावर जातो, तर ग्राफिक्स कार्डाकडे वळा. सगळ्या फाईल बंद करून सिस्टिम ऑप्शन्सच्या परफॉर्मन्स पानावर 'युज सॉफ्टवेअर ओपनजीएल' लावा. फाईल उघडी असताना तो चौकोन करडाच राहतो, म्हणून बऱ्याच जणांना तो बिघडलेला वाटतो. हे लावल्यावर पार्ट नीट दिसला तर दोष ड्रायव्हरचा.

चिन्ह पोकळ आहे

इथला नेहमीचा गुन्हेगार टॅबचं बटण. कर्सर पार्टवर असताना टॅब दाबलं की तो पार्ट गपचूप हाइड होतो. एखाद्या खिडकीत माप टाकून पुढच्या रकान्यात जायला टॅब मारायची सवय बोटांना असते. खिडकी बंद झालेली असेल आणि कर्सर स्विंग क्लॅम्पवर असेल, तर क्लॅम्प गेला. मग फाईल सेव्ह होते आणि सकाळी दुसरा माणूस ओरडतो.

परत आणायला कंट्रोल, शिफ्ट आणि टॅब एकदम दाबून धरा. लपवलेले सगळे पार्ट तात्पुरते पारदर्शक होऊन दिसतात. हवा त्यावर क्लिक केलं की तो परत येतो. पार्ट नेमका कुठं होता हे माहीत असेल तर तिथं कर्सर नेऊन शिफ्ट-टॅबही चालतं. 'शो ऑल' मात्र वापरू नका. त्यानं एक क्लॅम्प परत येतो खरा, पण सोबत मुद्दाम लपवलेले शंभर बोल्टही येतात.

टॅब नसेल तर डिस्प्ले स्टेट. कोणता पार्ट दिसतो, कोणता लपतो, कोणता पारदर्शक आहे हे सगळं सॉलिडवर्क्स डिस्प्ले स्टेटमध्ये साठवतं, आणि एका असेंब्लीत हवी तितकी डिस्प्ले स्टेट ठेवता येतात. कॉन्फिगरेशनच्या पानावर खालच्या भागात त्यांची यादी असते आणि तिथंच एक चौकोन असतो: 'लिंक डिस्प्ले स्टेट्स टू कॉन्फिगरेशन्स'. या चौकोनानं भल्याभल्यांना दमवलंय. तो टिक केलेला असेल तर प्रत्येक कॉन्फिगरेशनची डिस्प्ले स्टेट वेगळी असतात. म्हणजे 'क्लॅम्प बंद' या कॉन्फिगरेशनमध्ये लपवलेलं कास्टिंग 'क्लॅम्प उघडा' वर गेलं की पुन्हा हजर. "लपवलेलं परत येतं" या तक्रारीच्या मागे बहुतेक वेळा हेच असतं.

फिक्स्चरसाठी हा चौकोन रिकामा ठेवावा, असं मी सगळ्यांना सांगतो. कॉन्फिगरेशन ठेवा यंत्राच्या स्थितीसाठी: क्लॅम्प उघडा, क्लॅम्प बंद, रोटरी शून्यावर, रोटरी नव्वदवर. डिस्प्ले स्टेट ठेवा बघणाऱ्याच्या गरजेसाठी. लिंक काढली की कोणतीही स्थिती कोणत्याही नजरेनं बघता येते. स्विंग क्लॅम्पचा हात साधारण ९० अंश फिरून मग खाली दाबतो. जॉब वर उचलताना हात पुरता बाजूला झालाय का हे बघायला 'क्लॅम्प उघडा' आणि 'जॉब दिसतोय' ही जोडी हवी. लिंक असेल तर या जोडीसाठी वेगळं काहीतरी रचत बसावं लागतं.

डिस्प्ले स्टेटची नावं सगळ्या फाईलमध्ये सारखी ठेवा. आमच्याकडची पद्धत अशी: ०१ रिकामं, ०२ जॉबसह, ०३ जॉब पारदर्शक, ०४ टूलसह, ०५ हायड्रॉलिक, ०९ ड्रॉइंग. नऊ नंबरला कुणी हात लावायचा नाही. मध्ये जागा सोडली आहे, कारण सीएमएमवाले (मापं तपासणारे) किंवा सेन्सर बसवणारे आपली एक मागतातच. नवीन पार्ट टाकला की निघण्यापूर्वी प्रत्येक स्टेटवर एकदा डबल क्लिक करून बघायचं.

आणि पाच मिनिटांच्या बघण्यासाठी हाइड करूच नका, 'आयसोलेट' वापरा. दोन-तीन पार्ट निवडून आयसोलेट केलं की बाकीचे लपतात किंवा पारदर्शक होतात, आणि बाहेर पडलं की सगळं होतं तसं. ते दृश्य ठेवण्यासारखं वाटलं तर तिथूनच नवीन डिस्प्ले स्टेट म्हणून सेव्ह करता येतं.

०३ मध्ये जॉब पारदर्शक असताना अजून एक कुरबुर येते: "कास्टिंग सिलेक्टच होत नाही." पारदर्शक पार्टवर क्लिक केलं की निवड आरपार जाऊन मागचा पार्ट पकडते. शिफ्ट दाबून क्लिक करा.

चिन्ह करडं आहे: हाइडच्या जागी सप्रेस

माळ्यावर टाकलेला हंडा दिसत नाही, पण घरातच असतो. मोडीत घातलेला नसतो. हाइड आणि सप्रेस यांत तेवढाच फरक आहे, आणि महागात पडणाऱ्या गोष्टी इथंच घडतात.

हाइड केलेला पार्ट बीओएममध्ये मोजला जातो, त्याचे मेट चालू राहतात आणि त्याला टेकलेले पार्ट जागेवर राहतात. सप्रेस केलेला पार्ट मेमरीतून जातो, बीओएममधून जातो, वजनातून जातो आणि त्याचे मेटही सोबत झोपतात. बेस प्लेट सप्रेस करून बघा, तिच्यावर उभं असलेलं सगळं मोकळं होतं. त्यात कुणी माऊसनं काही ओढलं, तर अनसप्रेस केल्यावर लाल खुणांची रांग लागते.

दुसरी गोष्ट: सप्रेस करणं कॉन्फिगरेशनमध्ये साठतं, डिस्प्ले स्टेटमध्ये नाही. म्हणून डिस्प्ले स्टेट कितीही बदललं तरी करडा पार्ट येणार नाही.

खरी भीती इंटरफिअरन्स चेकची, म्हणजे पार्ट एकमेकांत घुसतात का या तपासणीची आहे. "नीट दिसत नव्हतं म्हणून क्लॅम्प सप्रेस केले" आणि तशीच तपासणी घेतली, तर निकाल स्वच्छ येणारच. फेस मिल क्लॅम्पच्या बोल्टवर चढते ती व्हीएमसीवरच्या (उभ्या स्पिंडलच्या मशिनिंग सेंटरवरच्या) पहिल्या ट्रायलला. हाइडचाही धोका आहे. इंटरफिअरन्स डिटेक्शनच्या पर्यायांत लपवलेले पार्ट वगळण्याची टिक असते, ती लागलेली असेल तर लपवलेला क्लॅम्पही सुटतो. तपासणीपूर्वी ०४ स्टेटवर या, करडं काही उरलंय का ते ट्रीमध्ये बघा, मगच बटण दाबा.

वजनाचंही तसंच. मास प्रॉपर्टीजमध्ये लपवलेले पार्ट धरायचे की नाही याची वेगळी टिक आहे. पॅलेटवर किती भार येणार हे काढताना जॉबसह वजन लागतं, फिक्स्चर उचलायच्या क्रेनसाठी जॉबशिवाय. दोन्ही आकडे कोणत्या स्थितीत काढले ते कागदावर लिहून ठेवा.

पार्ट आपोआप करडा झाला असेल तर फाईल सापडलेली नाही. पेन ड्राइव्हवर नुसती असेंब्लीची फाईल घेऊन घरी काम करायची सवय सांगली-मिरजेकडे भरपूर आहे. उघडताना सॉफ्टवेअर फाईल शोधतं, माणूस ती खिडकी पुढे ढकलतो, पार्ट सप्रेस होतो आणि सेव्ह झाल्यावर तसाच राहतो. फाईल न्यायचीच असेल तर 'पॅक अँड गो' करून (असेंब्लीच्या सगळ्या फाईल एकत्र बांधून) न्या, आणि टूलबॉक्सचे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार लायब्ररीतले, बोल्टही सोबत घ्या.

एकाच स्टेशनची आठ रूपं

टूम्बस्टोनचं स्टेशन एक सबअसेंब्ली आणि ती आठ वेळा टाकलेली, ही मांडणी बरोबरच आहे. घोळ इथं होतो की कुणी सबअसेंब्ली उघडून आतला जॉब लपवतो आणि आठही ठिकाणचा जातो. किंवा मुख्य असेंब्लीत एका स्टेशनचा जॉब लपवतो आणि सबअसेंब्लीत बदल का होत नाही म्हणून वैतागतो. मुख्य असेंब्लीत केलेली लपवाछपवी मुख्य असेंब्लीच्या डिस्प्ले स्टेटमध्ये राहते, खाली उतरत नाही.

उपाय: सबअसेंब्लीतच 'रिकामं' आणि 'जॉबसह' अशी दोन डिस्प्ले स्टेट करा. मुख्य असेंब्लीत प्रत्येक स्टेशनच्या कंपोनंट प्रॉपर्टीजमध्ये कोणतं डिस्प्ले स्टेट घ्यायचं ते निवडता येतं. पहिल्या बाजूला जॉब लागलेले आणि समोरच्या बाजूचं स्टेशन उघडं, असं चित्र ग्राहकाला दाखवायला हेच लागतं, आणि त्यासाठी एकही बोल्ट हातानं लपवावा लागत नाही.

याच्याही आधी सबअसेंब्ली कशा पाडायच्या हे ठरवा. बरेच जण खरेदीचे आणि बनवायचे अशी वाटणी करतात. स्टोअरला ती बरी पडते, डिझाइनरला नाही. जे एकत्र लपायला हवं ते एकत्र ठेवा: लोकेटिंगचा संच, क्लॅम्पिंगचा संच, हायड्रॉलिक लाईन, सेन्सिंग, टूल. मग एका क्लिकवर एक थर जातो. खरेदीची यादी बीओएममधून गाळून मिळतेच.

जॉब आणि टूल एन्व्हलप करा

जॉब, टूल होल्डर, मशिनचं टेबल या वस्तू आपण पुरवत नाही. त्या बीओएममधून जाव्यात म्हणून त्यांना सप्रेस करणं हा उलटा मार्ग आहे. कंपोनंट प्रॉपर्टीजमध्ये 'एन्व्हलप' असा पर्याय आहे. तो लावला की पार्ट संदर्भापुरता राहतो, बीओएममध्ये आणि वजनात धरला जात नाही. पॅलेटच्या भारासाठी जॉबचं वजन मग वेगळं मिळवावं लागतं, हे लक्षात असू द्या.

एन्व्हलप केल्यावर दुसऱ्या दिवशी तक्रार येते की ड्रॉइंगमधून जॉब गेला. व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शो एन्व्हलप' टिक करा. फिक्स्चरच्या ड्रॉइंगमध्ये जॉब फँटम (तुटक) रेषेत दाखवायची जुनी रीत आहे. एन्व्हलप करायचा नसेल तर व्ह्यूमध्ये कास्टिंगवर राइट क्लिक करून 'कंपोनंट लाइन फाँट' मधून ती रेषा लावता येते.

फक्त ड्रॉइंगमध्ये गायब

असेंब्लीत दिसतो, एका व्ह्यूत दिसतो, दुसऱ्यात नाही? व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हाइड-शो कंपोनंट्स' या टॅबवर त्या व्ह्यूपुरते लपवलेले पार्ट यादीत असतात. तिथून नाव काढून टाका. यादी रिकामी असेल तर त्या व्ह्यूनं कोणतं डिस्प्ले स्टेट धरलंय ते बघा. आणखी एक बारकावा: डिस्प्ले स्टेटमधली हाइड-शोची स्थिती सगळ्या प्रकारच्या व्ह्यूंना लागू होते, पण रंग वगैरे बाकीच्या गोष्टी फक्त शेडेड व्ह्यूत दिसतात.

लपवलं तरी फाईल जडच

जडच राहणार. चालू फाईलमध्ये हाइड केल्यानं पार्ट मेमरीतून जात नाही, स्क्रीन फिरवताना थोडं हलकं वाटतं एवढंच. असेंब्ली उघडण्याच्या खिडकीत लपवलेले पार्ट लोड न करण्याचा पर्याय आहे, तो टिक करून उघडलं तर खरा फरक पडतो. म्हणून ०१ सारखं रिकामं डिस्प्ले स्टेट चालू ठेवून फाईल सेव्ह करायची सवय बरी.

बहुतेक वेळा वजन भलत्याच ठिकाणी असतं. सिलिंडर, वर्क सपोर्ट, फिटिंग यांची पुरवठादाराकडून आलेली मॉडेल आतल्या सील, स्प्रिंग आणि कापलेल्या आट्यांसकट येतात. आपल्याला त्यांचा बाहेरचा आकार, पोर्ट आणि स्ट्रोक एवढंच लागतं. आतलं काढून हलकी प्रत लायब्ररीत ठेवा. असेंब्लीत 'सिलेक्ट इंटर्नल कंपोनंट्स' नं आत दडलेले पार्ट एकदम निवडता येतात.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

क्रिओमध्ये "लपवलेलं परत येतं" याचं उत्तर जवळपास ठरलेलं आहे: लेयर लपवून फाईल सेव्ह केली, पण लेयरचं 'सेव्ह स्टेटस' केलं नाही. मोठ्या असेंब्लीसाठी तिथं लेयरपेक्षा सिम्प्लिफाइड रेप (मोजकेच पार्ट घेणारी साठवलेली रूपं) बरे.

एनएक्समध्ये तीन कुलपं आहेत: शो-हाइड, २५६ लेयर आणि रेफरन्स सेट (पार्टमधलं काय असेंब्लीत दाखवायचं याची निवड). कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून सगळं दाखवलं तरी पार्ट येत नसेल, तर त्याचा लेयर बंद आहे किंवा रेफरन्स सेट 'एम्प्टी' आहे.

इन्व्हेंटरमध्ये डिस्प्ले स्टेटचं काम व्ह्यू रिप्रेझेंटेशन करतं. ते लॉक करता येतं, आणि ड्रॉइंगच्या व्ह्यूत 'असोसिएटिव्ह' टिक नसेल तर मॉडेलमध्ये केलेला बदल ड्रॉइंगपर्यंत पोचत नाही.

फाईल बाहेर पाठवण्याआधी

ग्राहकाला स्टेप फाईल (वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) पाठवताना आधी ठरवा की त्यात जॉब जाणार की नाही, आणि त्याप्रमाणे डिस्प्ले स्टेट लावून मगच एक्स्पोर्ट करा. मग तयार झालेली स्टेप फाईल नवीन खिडकीत उघडून तीन गोष्टी बघा: सगळे क्लॅम्प आले का, बोल्ट आले का, आणि दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचं कास्टिंग कुठं मागे राहिलं नाही ना. जुनी असेंब्ली कॉपी करून नवीन फिक्स्चर सुरू केलेलं असेल तर हे तिसरं विशेष बघा, कारण जुना जॉब कुणीतरी डिलीट करण्याऐवजी नुसता हाइड केलेला असतो.